इगर्जेत तिचे पाय धुतले तेव्हा

माझ्या बायकोचे पाय एका पाद्रीने धुतले होते. भर इगर्जेत, गुडघे टेकून, सगळ्या शहरासमोर. इगर्ज म्हणजे आमच्याकडे चर्च. मी मागच्या बाकावर बसून बघत होतो. हे सांगितलं की आजची पोरं एकमेकांकडे बघतात. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणतात. फिरलंय तर फिरलंय. चौथी शिकलोय, अक्षर लागतं, म्हणून लिहितो.

ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. चुलीवर डाळ ठेवून दारात बसली, ती उठलीच नाही. डाळ करपल्याचा वास आला तेव्हा मला कळलं. मी आधी ओरडलो तिच्यावर, डाळ करपली म्हणून. ती बसलेलीच.

पण ते आत्ताचं. मी सांगतोय ते गोवा राज्य व्हायच्या आधीचं. भाषेवरून भांडण पेटलं होतं, रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकत होते, आणि बसमध्ये तोंड उघडायचं तर माणूस विचार करायचा, कोंकणीत बोलू की मराठीत. इगर्जेवाले कोंकणीच्या बाजूचे. आम्ही दोघं सावंतवाडीकडची. शिरगावच्या अलीकडे खाणीवर मी ट्रक चालवायचो आणि ती बायकांबरोबर दगड निवडायची. खाणीने एक लांब खोल्यांची लाईन बांधली होती, पत्र्याची. आमची खोली त्यातली. लाईनीला एक नळ आणि एक मुकादम. मुकादम आमच्याच बाजूचा, पण तो कंत्राटदाराचा माणूस. कोणाला काम, कोणाला खोली, सगळं त्याच्या तोंडात.

बायका अनवाणी काम करायच्या. खनिजाचा दगड म्हणजे विळ्यासारखा. पुरुषांना बूट होते, बायकांना नव्हते. हिने चार बायका गोळा केल्या आणि कंत्राटदाराकडे बूट मागितले. तो म्हणाला, "बूट घालून खंय वतली, नाटकाक?" म्हणजे कुठे जाणार, नाटकाला? सगळे हसले. ही नाही हसली. कोणीतरी तिला सांगितलं, शहरातल्या इगर्जेत जा, तिथे गरिबाचं ऐकतात.

ती इगर्ज तशी होती खरी. आयतारी, म्हणजे रविवारी, सकाळी आत मीस चालायचं, म्हणजे त्यांची प्रार्थना, आणि मीस संपलं की मागच्या अंगणात दुसरीच जत्रा. आंब्याखाली मेज टाकून एक वकील बसायचा, ज्याला मालकाने काढलं त्याचं ऐकायचा. एका खोलीत सिस्टरचा दवाखाना. एका कोपऱ्यात पेजेचं मोठं भांडं. कोल्हापूरचे गवंडी, बेळगावचे बिगारी, आमच्यासारखे खाणीवरचे, सगळे तिथे. तू कोणत्या देवाचा हे कोणी विचारत नसे. आणि ह्या सगळ्याच्या मधून तो पाद्री फिरायचा. बारीक अंगाचा, झगा वर खोचून फटफटीवरून येणारा. बुटांची गोष्ट त्याने मनावर घेतली. गंमत अशी की आमचा कंत्राटदार त्याच इगर्जेत पहिल्या बाकावर बसायचा.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्यांच्यात बारा जणांचे पाय धुतात. त्यांच्या देवाने आपल्या शिष्यांचे धुतले होते म्हणून. दरवर्षी शहरातले बारा भले पुरुष बसायचे, आधीच साबणाने पाय धुऊन, पावडर लावून. त्या वर्षी पाद्रीने सांगितलं, अर्धे पाय खाणीवरचे असतील आणि बायकांचे असतील. हिला विचारलं. ही हो म्हणून आली.

मी घरी भडकलो. "परको पुरुष तुझ्या पायाक हात लावतलो?"

"पाद्री तो," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "आणि तुमका इतकी लाज वाटता तर तुमी धुवा. बाल्दी भरून ठेवतंय."

गुरुवारी तिच्याबरोबर गेलो.

दोन दिवस ती पाय घासत होती. काथ्याने, दगडाने. लाल रंग जाईना. खाणीचा रंग तो, कातडीत शिरलेला. हिरवं लुगडं नेसून ती वेदीजवळ कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसली, एक पाय पुढे करून, आणि मला मागून तिचा फक्त अंबाडा दिसत होता. म्हणून मी बाकाच्या कडेला सरकलो.

पाद्री एकेकापुढे गुडघे टेकायचा. डाव्या हाताने टाच धरायची, उजव्या हातातल्या जगमधून पाणी ओतायचं, खाली परात, मग तुवाल्याने पुसून पायाला ओठ लावायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बेळगावच्या एका गवंड्याचे पाय होते ते, भेगांत सिमेंट भरलेलं. त्या पायाला ओठ! गवंडी रडायलाच लागला.

म्हाताऱ्या लोकांना गार पाण्याने शिरशिरी येते, म्हणून ते पाणी कोमट करायची तिथली पद्धत. हिची पाळी आली तेव्हा जगमधलं पाणी संपलं. इगर्जेची घंटा वाजवणारा एक म्हातारा होता, तो धावत आत गेला आणि जग भरून घेऊन आला. नंतरच्या चहासाठी चुलीवर आधण ठेवलं होतं, घाईत त्याने तेच भरलं.

पाद्रीने जग तिरका केला. वाफ मला मागच्या बाकावरून दिसली.

"आवय गे!" पाद्री ओरडला आणि हात झटकला. जग खाली पडला, गडगडत पहिल्या बाकापर्यंत गेला. पाद्रीचा डावा हात लालबुंद. आणि ही? ही तशीच बसलेली. पाय तसाच पुढे. त्या पायावरून वाफ येतेय आणि ही आजूबाजूला बघतेय, सगळ्यांना काय झालं म्हणून.

"बाये," पाद्री म्हणाला. "तुका... तुका हून लागना?" चटका बसला नाही का, असं.

"नाय ओ," ती लाजून म्हणाली. "बरां वाटला."

मग पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने छातीवर खूण केली आणि किंचाळली, "मिलाग्र! मिलाग्र!" म्हणजे चमत्कार. झालं. बाकं सरकली. लोक उठले, गुडघ्यावर बसले. एक बाई पुढे आली, चांगल्या घरातली, गळ्यात सोन्याचा क्रूस. तिने माझ्या बायकोच्या भाजलेल्या पायाला हात लावला आणि तो हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला.

आता मी काय सांगू. मी शिरगावच्या बाजूला राहिलेला माणूस. तिथल्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचं व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालताना मी दरवर्षी बघायचो. ज्याच्यावर देवीचा हात त्याला विस्तव लागत नाही, हे आमच्या डोक्यात बसलेलं. मला वाटलं, देवीच आली. इगर्जेत आली तर आली, तिला कोण अडवणार! माझी बायको! आमच्या पत्र्याच्या खोलीतली! मी हात जोडले. खरंच जोडले. स्वतःच्या बायकोला.

एकच माणूस हात न जोडता तिच्याकडे गेलं. दवाखान्यातली सिस्टर. बुटकी, केरळकडची, कोंकणी मोडकी बोलणारी. ती खाली बसली, आपल्या डोक्यावरच्या कापडाची टाचणी काढली आणि तळव्याला हळूच टोचली. मग घोट्याला. ही खाली बघतच नव्हती. लोकांकडे बघत होती. सिस्टर उठली, हिच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल."

दवाखान्याच्या खोलीत मी, ही आणि सिस्टर. तिने आधी भाजलेल्या पायाला औषध लावलं. मग कपाटातून कोंबडीचं एक पीस काढलं. "दोळे धांप. लागता थंय बोट दवर." हिने डोळे मिटले. पीस गालाला लागलं, हिने गालावर बोट ठेवलं. मनगटाला लागलं, मनगटावर. पायावर पीस फिरत राहिलं आणि हिचं बोट हवेत तसंच. पोटरीवर एक फिकट चट्टा होता. शिबं म्हणून आम्ही त्याला लिंबू चोळायचो. त्यावर पीस फिरवलं. बोट हवेतच.

सिस्टरने मग नाव सांगितलं. त्यांच्या पुस्तकातलं नाव मला कळलं नाही. मग तिने आमच्या भाषेतलं सांगितलं. रगतपिती. महारोग.

मी खाली बसलो. कदेल होतं, पण मी जमिनीवर बसलो. बाहेर अजून गाणं चालू होतं, आणि मला वाटत होतं, सिस्टर दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय.

"गोळयो आसात," सिस्टर म्हणाली. "सारक्यो खाल्यो जाल्यार बरी जातली. हात-पाय वांकडे जावचे नात."

हिने विचारलं, "माका रांधूक मेळतला?"

"रांद."

"ह्यांच्या ताटात वाढू?"

"वाड."

"मगे," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, "ह्ये रडतत कित्याक?"

बाहेर आलो तेव्हा बातमी आमच्याआधी अंगणात पोचली होती. कशी, कोण जाणे. मघाशी जे गुडघ्यावर बसले होते ते भिंतीला चिकटून उभे. आमच्यासाठी वाट मोकळी झाली, ही एवढी रुंद. आणि नळावर ती सोन्याच्या क्रूसवाली बाई. साबण लावून डोळे धूत होती. चोळून चोळून धूत होती. साबण डोळ्यांत जात असणार, तरी धूत होती.

मी ते बघितलं आणि मला कळेना, मघाचं खोटं की हे. अजून कळलेलं नाही.

शेवटच्या बसने लाईनीत आलो. तिथेही तेच. त्याच बसमधल्या बायका आमच्या पुढे चालत आल्या होत्या. सकाळी नळावर हिची हंडी कोणीतरी काठीने बाजूला सारली. मग मुकादम आला, आमच्या दारापासून चार हात लांब उभा राहिला.

"आयतार सांजेपर्यंत खोली खाली कर."

"खंय जाव?" मी.

"गावाक जा."

गावाला. तिच्या गावात तिच्या एका चुलतीला हाच रोग झाला होता. गोठ्याच्या मागे तिला झोपडी करून दिली होती. करवंटीतून भात सरकवायचे. तिथेच ती गेली, आणि झोपडीसकट जाळली. हे हिने लहानपणी बघितलेलं. आणि गोळ्या? त्या सिस्टरकडे होत्या, दर महिन्याला तिच्यासमोर घ्यायच्या होत्या. गावाला गेली तर ही मेलीच, हे मला दिसत होतं. जगायचं असेल तर ह्या पत्र्याच्या खोलीतच राहायला हवं होतं.

"मुकादमा, काम करते ती. गोळ्यांनी बरी होते म्हणाली सिस्टर."

"सिस्टर!" तो थुंकला. "पाद्री आमचां मराठी घालवूक बसलेत, आणि तुझी बायल त्यांचां पाणी पायार घेता. भोगा आता."

सगळी लाईन दारादारांत उभी होती. कोणी ओरडत होतं, कोणी पोरांना आत ओढत होतं. मुकादमाची म्हातारी आवस, म्हणजे आई, तेवढी आपल्या दारात पदरात हात गुंडाळून गप्प बसलेली. एरवी तिचं तोंड कधी बंद नसे.

मी बोचकी बांधायला लागलो. मी एक बांधायचो, ही सोडायची. टोप पुन्हा फळीवर, लुगडी पुन्हा दोरीवर. मी वैतागलो. "गो, ते दांडे घेवन येतले."

"येवंदेत. माझ्या पायाक तरी लागूचा नाय."

असलं बोलायची ती. मला हसूही येईना.

शहरात काय झालं ते सिस्टरने नंतर सांगितलं. इगर्जेतल्या मोठ्या लोकांनी पाद्रीला घेरलं. ती परात फेका, तुवालो जाळा, कदेल अंगणात काढा. आमचा कंत्राटदार सगळ्यात पुढे. ईस्टरच्या मीसाला इगर्ज भरली होती. पाद्री वेदीवर उभा राहिला, हाताला पट्टी, आणि म्हणाला, मी एका बाईच्या पायावर उकळतं पाणी ओतलं. तेव्हापासून माझ्याकडे पुष्कळ जण येऊन गेले. सगळ्यांनी परातीची चौकशी केली. तिचा पाय कसा आहे, हे एकानेही विचारलं नाही. एवढंच बोलला आणि प्रार्थना पुढे चालू केली.

आणि त्याच दुपारी फटफटी आमच्या लाईनीत आली. पुढे पाद्री, मागे एका बाजूला पाय टाकून सिस्टर, मांडीवर औषधांची पिशवी. धुळीने दोघं लाल.

पाद्री सरळ आमच्या दाराशी आला. हिच्यासमोर हात जोडले. "हांवें तुजो पांय भाजलो. माका माफ कर." ही एवढी घाबरली की पदर तोंडावर घेतला. त्याआधी तिची माफी कोणी मागितलीच नव्हती. मीही नाही.

मुकादम पुढे झाला. "पाद्री, तुमका तुमच्या धर्मात व्हरूची आसात तर व्हरा एकदाची. हय ठेवू नकात."

"हिका धर्म आसा मरे," पाद्री म्हणाला. "हिका खोली जाय." जाय म्हणजे हवी.

सिस्टरने दरम्यान आमचाच एक पाट ओढून लाईनीच्या मधोमध मांडला आणि पिशवीतून पीस काढलं. म्हणाली, एकीला असला तर आणखी कोणाला असेल, सगळ्यांचं बघते, या. कोणी हललं नाही. पुरुष विड्या ओढत उभे. बायका दारात. मुकादम हसला. "आमच्यात कोण तसलो नाय. हां एक घर सोडल्यार."

तेव्हा त्याची आवस उठली. कमरेत वाकलेली, भिंतीला धरत धरत आली. मुकादमाला वाटलं, ती सिस्टरला चार शिव्या घालणार. मलाही तेच वाटलं. ती पाटावर बसली आणि पदरातला हात बाहेर काढला.

"माझां बघ गो बाय."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, पक्ष्याच्या नखीसारखं. वाताने वाकडी झालीत म्हणून सगळी लाईन ओळखत होती ती बोटं. सिस्टरने पीस फिरवलं. म्हातारीने डोळे मिटले नव्हतेच. ती लेकाकडे बघत होती. पीस हातावरून जात होतं, आणि तिने सांगितलं, "काय कळना नाय. कधीपासूनच कळना नाय. तुझो बापूस जितो आसताना पासून."

"आये," मुकादम म्हणाला. बस, तेवढंच. तोंड उघडं राहिलं. त्या माणसाचं तोंड मी नेहमी दुसऱ्याला शिव्या देतानाच उघडं बघितलेलं.

"वात नाय रे तो," म्हातारी म्हणाली. "माका ठावक होता. सांगलंय आसतंय तर तुया माका खंय ठेवलं आसतंस? आता सांग. खंय धाडतलस? हिच्याच बसीत बसवतलस, काय दुसऱ्या?"

मुकादम जमिनीवर बसला. मी त्या गुरुवारी बसलो होतो तसाच. मी त्याच्याकडे बघितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त वाटलं, हिने, ह्या म्हातारीने, एवढी वर्षं तो हात पदरात धरून भाकरी खाल्ली. लेकाच्या घरात. त्याच्या पंगतीला.

ही आमच्या दारातून खाली उतरली, पायाला पट्टी, लंगडत. म्हातारीशेजारी उभी राहिली. "दुसरो हात दाखव गो म्हातारे, लपवतंस कित्याक, आता काय रवला?" म्हातारीने तिला एक शिवी हाणली. मग दोघीही हसायला लागल्या. भर उन्हात, सगळी लाईन दगड होऊन उभी असताना, त्या दोघी हसत होत्या.

मग हिने हंडी उचलली आणि नळावर गेली. पहिली. ह्या वेळी तिची हंडी कोणी सारली नाही. त्यानंतर एकेक बाई आली आणि सिस्टरपुढे बसली.

खोली खाली करा असं मुकादम पुन्हा म्हणाला नाही. कंत्राटदाराने विचारलं तेव्हा त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण हिचं काम गेलं नाही. बूटही आले पुढे, पुरुषांचे, आठ नंबरचे. बायका आत कापड कोंबून घालायच्या. हिला सिस्टरने वेगळं मऊ काळ्या रबराचं पायताण दिलं. गोळ्यांना दोघी मिळून जायच्या, ही आणि मुकादमाची आवस, आणि जाताना येताना बसमध्ये जनेलाशी, म्हणजे खिडकीपाशी, कोण बसणार यावरून भांडायच्या. कंडक्टर वैतागायचा. हिचा रोग गेला. पायाची जाण तेवढी परत आली नाही. म्हातारी बरी होऊन मग म्हातारपणानेच गेली, आणि तिला आंघोळ घातली ती माझ्या बायकोने.

त्या पाद्रीची बदली झाली, राज्य झाल्याचे लाडू वाटले त्याच्या थोडी आधी. कुठे ते कळलं नाही. जाताना तो भेटायला आला होता. आम्ही कामावर होतो.

आता खाण बंद आहे. लाईनीतले पत्रे लोकांनी काढून नेले. दोन खोल्यांतच चूल पेटते. माझी आणि मुकादमाची. तो आता कानाने गेला, त्याच्या दारात बसून असतो. आमचा मुलगा, ह्या सगळ्यानंतर झालेला, शहरात राहतो, चांगला आहे. आई गेल्यापासून मागे लागलाय, बाबा इथे एकटे कशाला, चला. परवा टेम्पोच घेऊन आला. माझी ट्रंक, गादी, तिचा पाटा-वरवंटा, सगळं टेम्पोत भरलं. मी बघत उभा होतो. जोर नव्हता भांडायचा. ती गेल्यापासून कशालाच जोर नाही. सकाळी उठतो आणि दारात बघतो, ती बसलीय का.

मुकादम काठी टेकत आला. टेम्पोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"खंय चललंस?" बहिरा असल्यामुळे ओरडून बोलतो.

"झिलाकडे."

त्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल. पुन्हा ओरडला, "खंय चललंस? ही खोली तुझ्या बायलेची मरे!"

मुलगा हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी बडबड. मला हसू आलं नाही. ह्या माणसाच्या तोंडून हे! चाळीसेक वर्षांनी.

मी टेम्पोवाल्याला म्हटलं, उतरव. मुलगा चिडला, फोन करतो म्हणाला, गेला. ट्रंक, गादी आत घेतली. पाटा मला उचलेना, तो दारातच राहिला. मुकादम त्याच्यावर बसला आणि चहा मागितला.